चोरी आठशेची, बंदोबस्त दीड लाखाचा

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच विषयावरची निघाली. लिहिणाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, गावं वेगळी, धंदे वेगळे, पण प्रश्न तोच की लहानसहान लबाडी चाललीय, डोळ्यांसमोर दिसतेय, ती थांबवायला जो पैसा आणि मनस्ताप लागेल तो घालवायचा की सोडून द्यायचं. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवलीत आणि या वेळी या चौघांनाच सगळी जागा दिलीय.

प्रश्न : ताई नमस्कार, आमची ठाण्यात ६४ फ्लॅटची सोसायटी आहे, मी खजिनदार आहे. स्टिल्ट पार्किंगमध्ये पंप रूमच्या बाहेर एक प्लग पॉइंट आहे, सफाईवाल्यांसाठी आणि गणपतीत लायटिंगसाठी ठेवलेला. दिवाळीनंतर लक्षात आलं की दोघं जण रात्री अकरानंतर तिथे एक्स्टेन्शन लावून इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करतात, बिल अर्थात कॉमन मीटरवर. दोघं कोण ते सगळ्यांना माहितीये. सेक्रेटरी म्हणतात कॅमेरे बसवू, कोटेशन दीड लाखाचं आलंय, वर वर्षाला १२ हजार एएमसी म्हणजे देखभालीचा करार, आणि सापडला की ५०० रुपये दंड. मी म्हटलं ही चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, तर ते म्हणतात म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. कमिटीत सरळ दोन तट पडलेत. पुढच्या महिन्यात एजीएम आहे, मी काय मांडू?
– एक खजिनदार, ठाणे

उत्तर : दादा, आधी कागद-पेन घेऊया, कारण तुमच्या पत्रात दीड लाखाचा आकडा आहे पण चोरी कितीची होते तो आकडाच नाहीये, आणि माझा अंदाज आहे की कमिटीत पण तो कुणी मांडला नसेल. आजकालच्या स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटची असते, चार्जिंगमध्ये थोडी वाया जाते ती धरून एका वेळेला साडेतीन युनिट. महिन्यातून दहादा चार्ज केली तर ३५ युनिट, सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पकडले तर ४२० रुपये, दोघांचे मिळून ८४०. वर्षाचे दहा हजार ऐंशी. म्हणजे तुमची नुसती एएमसीच चोरीपेक्षा जास्त आहे! कॅमेऱ्यांचे दीड लाख ६४ घरांत वाटले तर घराला साडेतेवीसशेच्या आसपास, आणि चोरीचा भुर्दंड घराला महिन्याला तेरा रुपये. तेरा-तेरा करत तेवढी रक्कम व्हायला पंधरा वर्षं लागतील, तोवर ते कॅमेरे दोनदा बदलून झालेले असतील.

पण तुमचे सेक्रेटरी म्हणतात ते मी उडवून लावणार नाही. काळ सोकावतो हे खरंच आहे, आपण सगळ्यांनी बघितलंय की एकाने जिन्यात चपलांचं कपाट ठेवलं आणि कुणी काही बोललं नाही की वर्षभरात प्रत्येक मजल्यावर सायकल, कुंड्या आणि जुना कूलर येतो. फक्त तो खरंच सोकावतोय का हे बघायला लागतं, धरून चालायचं नसतं. दिवाळीत दोघं होते, आता किती आहेत? सोसायटीत इलेक्ट्रिक स्कूटर एकूण किती, आणि त्यातले बाकीचे कुठे चार्ज करतात? सगळ्यांना माहिती असूनही आकडा दोनावरच थांबला असेल तर त्याचा अर्थ बाकी लोक चांगले वागतायत आणि ते काही कॅमेऱ्याच्या भीतीने वागत नाहीयेत. आकडा पाचावर गेला असेल तर मात्र लगेच काहीतरी केलं पाहिजे, कारण मग जो बॅटरी काढून वर घरी नेतोय त्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटायला लागतं आणि ते वाटणं कुठल्याही वीजबिलापेक्षा वाईट.

आता कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नाहीये ते सांगते. कॅमेरा नुसता बसवून भागत नाही, फुटेज कुणीतरी बघायला लागतं. कोण बघणार? वॉचमन? बारा तास ड्यूटी करणाऱ्या माणसाने रात्री बारा वाजता फ्लॅटच्या मालकाला हटकायचं आणि सकाळी त्याच मालकाची शिवी खायची, हे तुम्ही त्याच्यावर टाकताय. वॉचमन नाही तर मग सेक्रेटरींच्या मोबाइलवर फीड, आणि त्यात कुणाची मुलगी किती वाजता आली, कुणाकडे कोण पाहुणा उतरला हे सगळं येणार, एक दिवस त्यातली क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर पडणार. दोघांच्या आठशे रुपयांसाठी बासष्ट घरांवर नजर ठेवायची, हा खर्च मला दीड लाखापेक्षा मोठा वाटतो. चोऱ्यामाऱ्या होत असतील, कुणी अनोळखी माणसं आत शिरत असतील तर कॅमेरे जरूर बसवा, पण मग त्या कारणासाठी बसवा आणि तसं ठरावात लिहा.

एक गोष्ट मात्र अजिबात सहन करायची नाही, ती म्हणजे ती वायर. तुम्ही एका ओळीत एक्स्टेन्शन म्हणून पुढे गेलात पण मला तीच ओळ सगळ्यात जास्त खटकली. पाच अँपिअरचा साधा बोर्ड, जमिनीवर लोळणारी वायर, वर पार्क केलेल्या गाड्या ज्यांच्या टाक्यांत पेट्रोल आहे, पावसाळ्यात स्टिल्टमध्ये येणारं पाणी, आणि हे सगळं रात्री लोक झोपलेले असताना. इथे पैशाचा प्रश्नच संपतो, इथे चौसष्ट घरांचा जीव आहे. तो पॉइंट उद्याच्या उद्या बंद करा. पंप रूमच्या आतून एक एमसीबी म्हणजे सर्किट तोडणारा स्विच टाकून घ्या किंवा पॉइंटला कुलूपवाली पेटी बसवा, इलेक्ट्रिशियन काही शे रुपयांत करून देईल. दीड लाखाचं काम त्यात झालं बघा, आणि कुणाचं नाव न घेता झालं.

पण नुसतं बंद करून थांबू नका. ते दोघं वीज का घेतात? मला नाही वाटत चारशे रुपये वाचवायला कुणी रात्री अकराला खाली उतरून वायरी ओढत बसेल, बहुतेक त्यांच्या पार्किंगला पॉइंटच नाहीये आणि रीतसर मागायचं म्हटलं तर कमिटीकडे काही पद्धत नाहीये. तर एजीएममध्ये हे मांडा की ज्याला हवा त्याने स्वतःच्या खर्चाने, कमिटी सांगेल त्या इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंग आणि सबमीटरसकट पॉइंट घ्यावा आणि रीडिंगप्रमाणे मेंटेनन्सच्या बिलात पैसे भरावेत. शक्य असेल तर वायर थेट स्वतःच्या मीटरवरून आणावी, ते सगळ्यात सरळ. रीतसर रस्ता उघडला आणि तरीही कुणी आडून घेत असेल तर मग त्याच्याशी कडक वागायला मला काहीच वाटणार नाही.

दंडाचं जरा जपून. इस्रायलमध्ये हैफा शहरात दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता, २००० साली तो छापून आला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईवडिलांना त्यातल्या काही पाळणाघरांत दंड लावला, दहा शेकेल म्हणजे तशी किरकोळ रक्कम, तर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, आणि पुढे दंड काढून टाकला तरी ते वाढलेलेच राहिले. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता दंड भरला म्हणजे फी भरली, विषय संपला. तुमच्याकडे तर एकाची महिन्याभराची वीज ४२० रुपयांची आणि दंड ५००, म्हणजे तोही फीसारखाच वाटणार. शिवाय दंड लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, नोटीस लागेल, म्हणणं ऐकून घ्यावं लागेल, कमिटीने परस्पर लावला तर उद्या उपनिबंधकांकडे तक्रार.

मागचे पैसे वसूल करायचे का? माझं मत विचाराल तर नको. पण हे तुम्ही आणि सेक्रेटरींनी दोघांत ठरवायचं नाही. तेरा रुपये का होईना ते प्रत्येक घराचे आहेत, दुसऱ्याच्या खिशातून आपण मोठं मन दाखवणं बरोबर नाही. सभेपुढे आकडा ठेवा, नावं नको, आणि सोडून द्यायचं असेल तर सभेने सोडून द्यावं, मिनिट्समध्ये यावं. सभेच्या आधी त्या दोघांच्या घरी मात्र तुम्ही स्वतः जाऊन या, चहा घ्या, सरळ सांगा की पॉइंट बंद होतोय, सबमीटरचा ठराव येतोय, तुम्ही पहिला अर्ज द्या.

प्रश्न : बदलापूर ते सीएसएमटी रोज प्रवास करते, पास कधी चुकवला नाही. माझ्याच डब्यात कितीतरी जणी विदाउट तिकीट असतात आणि वर हसून सांगतात. मेट्रोसारखे गेट लोकलच्या स्टेशनला का लावत नाहीत? आम्ही प्रामाणिक लोकांनीच काय पाप केलंय?
– एक पासधारक, बदलापूर

उत्तर : ताई तुमचा राग मला कळतो आणि तो रास्त आहे. पण गेटचं चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. मेट्रोची स्टेशनं गेट धरूनच बांधलीत, आपली लोकलची स्टेशनं शंभर-दीडशे वर्षांत वाढत गेली, पूल कुठूनही चढतो, प्लॅटफॉर्मचं टोक रस्त्यालाच लागतं. गर्दीच्या वेळेला एका बारा डब्यांच्या गाडीतून ठाण्याला किंवा दादरला हजारभर माणसं उतरली आणि एका गेटमधून मिनिटाला पंचवीस-तीस माणसं गेली, तर तीन मिनिटांत पुढची गाडी यायच्या आत एवढ्या लोकांना बाहेर काढायला एका गाडीसाठी बारा-तेरा गेट लागतील, आणि दोन-तीन प्लॅटफॉर्मवर एकदम गाड्या आल्या तर? एक माणूस अडकला, कार्ड चाललं नाही, की मागे गर्दी तुंबली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर काय झालं ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही, अरुंद जिना, पाऊस, वरून आणखी लोक येतायत, २३ माणसं गेली. फुकट्यांना पकडायला आपण बाहेर पडायच्या वाटा आणखी अरुंद करायच्या का, याचं माझं उत्तर नाही असंच आहे.

आणि जरा दुसरा हिशेब बघा. तिकीट दहा रुपयांचं असेल आणि सापडल्यावर दंड किमान २५० अधिक भाडं, तर निव्वळ हिशेबी माणसाला दर सव्वीस फेऱ्यांमध्ये एकदाच टीसी भेटत असेल तर दोन्ही सारखंच पडतं, त्याहून कमी भेटला तर विदाउट जाणंच फायद्याचं. रोजचा प्रवास करणाऱ्याला टीसी किती वेळा भेटतो तुम्हीच सांगा. तरीसुद्धा लाखो लोक पास काढतात. कारण पास तसा स्वस्त आहे, तो खिशात असला की डोक्याला ताप नाही, आणि मोबाइलवर निघतो म्हणून खिडकीची रांग गेली, पूर्वी त्या रांगेपायी दोन गाड्या सुटायच्या म्हणून कितीतरी जण तसेच चढायचे. भीतीपेक्षा या गोष्टींनी जास्त काम केलंय असं मला मनापासून वाटतं.

पण एसी लोकल आणि फर्स्ट क्लासला मी हे लावणार नाही. साध्या डब्यातल्या फुकट्या प्रवाशाचं नुकसान सगळ्या रेल्वेवर पसरतं, तुमच्या वाट्याला कणभर येतं. एसीत मात्र तो तुमच्याच अंगावर उभा असतो, ज्या मोकळ्या जागेसाठी तुम्ही कितीतरी पट पैसे मोजले तीच तो खातो. तिथे टीसी रोज पाहिजे, प्रत्येक गाडीला पाहिजे, त्याचा पगार निघाला नाही तरी पाहिजे. तुमच्या डब्यातल्या बायकांशी मात्र वाद घालायच्या फंदात पडू नका, ते तुमचं काम नाही आणि बदलापूर फास्टमध्ये तर नाहीच नाही.

प्रश्न : कॉलेजसमोर आमचं छोटं दुकान आहे, दोन वर्षांपूर्वी मॉलसारखं केलं, म्हणजे पोरं आत येऊन हाताने माल घेतात. विक्री चांगली वाढली पण महिन्याला सहा-सातशेचा माल कमी भरतो, मुख्य म्हणजे चॉकलेट आणि डिओ. मिस्टर म्हणतात दारात माणूस ठेवू आणि दप्तरं बाहेर ठेवायला लावू.
– एक दुकानदार, कराड

उत्तर : वहिनी, दारातला माणूस नऊ-दहा हजार घेईल, सातशे वाचवायला. हा हिशेब मिस्टरांना तुम्ही केव्हाच सांगितला असणार. हाताने माल घ्यायची पद्धत अमेरिकेत मेम्फिसला १९१६ साली पिगली विगली नावाच्या दुकानाने सुरू केली, त्याआधी तिकडेही गिऱ्हाईकाने काउंटरवर यादी द्यायची आणि नोकराने माल काढून द्यायचा. त्या पद्धतीत थोडा माल जाणार हे धरलेलंच असतं, नोकरांचा पगार वाचतो आणि विक्री वाढते त्यातून तो भरून निघतो. तुमचीही विक्री वाढलीय असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा ते सातशे त्या वाढलेल्या नफ्यासमोर ठेवून बघा. दप्तरं बाहेर ठेवायला लावलीत तर शंभरातली पंचाण्णव सरळ पोरं पण चोर ठरतात, आणि दप्तरात लॅपटॉप असतात, एखादा बाहेरून गेला तर तो कुणाच्या नावावर? चॉकलेटच्या बरण्या आणि डिओ गल्ल्याच्या मागच्या फळीवर घ्या, मागितल्यावर द्या. दुकानाची मांडणी अशी करा की गल्ल्यावर बसून शेवटचा कोपरा दिसेल. एवढ्याने बराचसा माल वाचेल, उरलेला खर्चात धरा.

एखादं पोर सापडलंच तर पोलिसात देऊ का, हा तुमचा ताजा कलम पण वाचला. नका देऊ. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झालीय तिनेसुद्धा पाच हजारांच्या आतली चोरी, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल परत केलेला असेल तर समाजसेवेची शिक्षा ठेवलीय. कायद्याने एवढं नमतं घेतलंय तर आपण वीस रुपयांच्या चॉकलेटसाठी सोळा वर्षांच्या पोराला चौकीची पायरी दाखवू नये. मात्र तेच पोर पुन्हा पुन्हा येत असेल तर घरी कळवा, चारचौघात अपमान न करता. डिओची गोष्ट जरा निराळी, तो उचलून कुणी विकत असेल तर लक्ष ठेवा.

प्रश्न : माझे वडील २४ वर्षं बसमध्ये कंडक्टर आहेत. मागच्या महिन्यात चेकिंगला तीन प्रवासी विनातिकीट निघाले, मिळून ३६ रुपये. पप्पांचं म्हणणं गर्दी होती, तिकिटं फाडत पुढे येत होते. सस्पेंड केलंय, आरोपपत्र आलंय. ३६ रुपयांसाठी २४ वर्षांची नोकरी घालवणार का?
– एक मुलगी, अहिल्यानगर

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून जीव तुटला. तरी तुला आधी समोरची बाजू सांगते, म्हणजे पप्पांच्या उत्तरात ती धरता येईल. कंडक्टर दिवसभर एकटा रोख पैसा हाताळतो, बघायला कुणी नसतं, प्रत्येक बसला तपासनीस देणं परवडत नाही. म्हणून तपासणी थोडी आणि शिक्षा जबर असं गणित सगळीकडे घातलेलं आहे, आणि सुप्रीम कोर्टानेही अशा केसेसमध्ये वेळोवेळी म्हटलंय की रक्कम किती हे बघायचं नाही, विश्वास मोडला का ते बघायचं. तेव्हा "फक्त ३६ रुपये" हा मुद्दा एकटा टिकत नाही.

पण या गणितात एक भयंकर गोष्ट होते, जो शंभरात एक सापडतो त्याच्यावर नव्व्याण्णवांचा राग निघतो, आणि तो लबाड नसून नुसता गर्दीत मागे पडलेला असेल तर? दिल्लीच्या परिवहन महामंडळाची एक केस आहे. १९७३ मध्ये एका कंडक्टरवर आरोप आला की बाईकडून १५ पैसे घेतले आणि १० पैशांचं तिकीट दिलं. पाच पैसे! १९७६ मध्ये नोकरी गेली. १९९० मध्ये कामगार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी महामंडळ वर गेलं, आणि २०१६ पर्यंत ते प्रकरण कोर्टात चालूच होतं. माणूस सत्तरी ओलांडून गेला. त्या पाच पैशांपायी सरकारी तिजोरीतून वकिलांवर आणि तारखांवर जे गेलं ते कुठल्या तिकिटातून भरून निघणार होतं? लहान गुन्ह्याला पकडण्याची जिद्द जेव्हा माणसापेक्षा मोठी होते तेव्हा ती कुणाचंच भलं करत नाही, महामंडळाचं पण नाही.

आता कामाचं. आरोपपत्राला उत्तर द्यायची तारीख चुकवू नका, तोंडी काही सांगू नका, सगळं लेखी. उत्तरात सरळ भर यावर द्या की पैसे घेऊन तिकीट दिलं नाही असं झालेलं नाही, पैसे अजून घेतलेच नव्हते, हे खरं असेल तर फरक फार मोठा पडतो, कारण पहिल्याला अपहार म्हणतात आणि दुसऱ्याला फार तर हलगर्जी. त्या फेरीचा वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांचा आणि पैशांचा हिशेबाचा कागद, तिकीट मशीनचा रिपोर्ट, मागच्या थांब्यावर किती तिकिटं निघाली, रोकड मोजली तेव्हा जास्त निघाली का, आणि त्या तीन प्रवाशांचे जबाब घेतले का, या सगळ्याच्या प्रती मागा. रोकड हिशेबाला बरोबर निघाली असेल तर तो कागद सगळ्यात महत्त्वाचा. चौकशीत सोबत युनियनचा किंवा अनुभवी सहकारी घ्या. सस्पेन्शनच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, पहिले ९० दिवस साधारण निम्मा, तो सुरू झालाय का बघा, नसेल तर अर्ज द्या. २४ वर्षांत आधी कधी असा शेरा आलाय का तेही काढून ठेव, स्वच्छ रेकॉर्ड असेल तर जोडा, कारण शिक्षा प्रमाणाबाहेर वाटली तर ती कमी करण्याचा अधिकार कामगारांच्या कोर्टाला आहे. आरोपपत्राची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठव, नाव झाकून पाठवलीस तरी चालेल, उत्तराचा मसुदा जाण्याआधी मी वाचून देईन.